चिंचेच्या प्लॉटवर एकवीस मुक्काम

१

दातांवर कडुनिंबाची काडी घासत घासत रुपराव टेम्पोची काच पुसायला गेला, वायपरखाली खोचलेली चिठ्ठी त्यानं वाचली, आणि काडीचा अर्धा तुकडा नकळत गिळून टाकला.

चिठ्ठी जांभळ्या शाईत, चांगली ठसठशीत लिहिलेली होती. ‘तुमचा टेम्पो आमच्या खाजगी जागेत, म्हणजे चिंचेच्या प्लॉटवर, एकवीस रात्री मुक्कामाला होता. बोर्डावर लिहिल्याप्रमाणे रात्रीचा दीड रुपया आकार पडतो. आठ दिवसांत भरावा.’ खाली एकवीस तारखा. त्याखाली सही: गुलाबचंद, कापडाचे व्यापारी, गांधीबाग. आणि सगळ्यात शेवटी, विंचवाच्या नांगीसारखी एक ओळ. ‘नक्कल सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवली आहे.’

दीड-दीड रुपयाचं रुपरावला काही नव्हतं. उसनेपासने करून ते भरता आले असते. त्याला धास्ती बसली ती नांगीची.

टेम्पो त्याचा नव्हता. विणकरांच्या सोसायटीचा होता. उमरेडहून साड्या आणायच्या, सूत घरोघर पोचवायचं, एवढंच त्याचं काम. सोसायटीजवळ शेड नव्हती, म्हणून टेम्पो रात्री ड्रायव्हरच्या दारात उभा राहायचा. नियम एकच, पण लोखंडी: रात्री गाडी दारातून हलता कामा नये. आधीचा ड्रायव्हर रात्री गुपचूप संत्र्यांच्या पेट्या वाहायचा. सापडला, आणि दुसऱ्या दिवशी घरी बसला. रुपरावचा स्वतःचा माग कधीच विकला गेला होता. ही नोकरी गेली, तर चाळिसाव्या वर्षी पुन्हा माग घ्यायला ना त्याच्याकडे पैसा होता ना पाठ.

आणि टेम्पो त्यानं हलवला नव्हता. एक रात्रही नाही. नऊला यायचा, जेवायचा, किल्ली करगोट्याला बांधायचा आणि सातपर्यंत असा झोपायचा, की शेजारी बँड वाजला तरी कूस बदलायचा नाही. चिंचेचा प्लॉट होता समोरच, दारातून चाळीस पावलांवर. पण दारात फुकटची जागा असताना चाळीस पावलं जाऊन दीड रुपया कोण देईल?

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव यांचा निरोप आला. ‘रविवारी अकराला ऑफिसात या. येताना टेम्पोची किल्ली घेऊन या.’

किल्ली कशाला, हे रुपरावला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२

रविवारला तीन दिवस होते. रुपरावनं सायकल काढली आणि महाल भागात मामाकडे गेला.

मामा म्हणजे चंपतराव. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर, आता रिटायर. विनातिकीट बसलेला माणूस ते त्याच्या मानेवरून ओळखायचे असं म्हणत. ओळखीपाळखीतल्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी एप्रिल फूल केलेलं होतं, तेही एप्रिल सोडून. सख्ख्या व्याह्याला त्यांनी भर उन्हात रेडिओचा लायसन इन्स्पेक्टर येणार म्हणून रेडिओ घेऊन गच्चीवर लपायला लावलं होतं. व्याही अजून बोलत नाहीत.

“मामा, आईची आण, म्या नाई ठेवला टेम्पो तिथी.”

“मले मालूम आहे,” मामा चिठ्ठी वाचता वाचता म्हणाले. “लपवाछपवी करायची अक्कल असती तुह्यात, तं तुही बायको तुले रोज दोडक्याची भाजी खाऊ घालू शकली असती का? चाल. पहिले शेटजी.”

गुलाबचंद गांधीबागेत आपल्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी चहा सांगितला, म्हणजे वैर नव्हतं.

“देखो चंपतराव, दीड रुपयासाठी खोटं बोलू का मी? माझ्या पानाचा खर्च जास्त आहे. तो प्लॉट मागच्या वर्षी घेतला, जागा सपाट केली, गाववाल्यांच्या सोयीसाठी बोर्ड लावला. रात्री माझेच तीन ट्रक राहतात तिथं, मालानं भरलेले. म्हणून तर चौकीदार ठेवला, मारोतराव. रात्रभर पहारा देतो, सकाळी कोणकोणती गाडी होती त्याची यादी आणून देतो. एकवीस दिवस हाच नंबर. पाहिजे तर विचारा त्याला.”

“सोसायटीले काहून कळवलं, शेटजी?”

“गाडी सोसायटीची, तर बिल कोणाला पाठवू? इंदूरला?”

म्हणणं खोटं नव्हतं. रुपरावनं चहा बशीतच ठेवला.

चिंचेच्या प्लॉटला दार नव्हतं, नुसता आडवा बांबू. एका कोपऱ्यात म्हातारं चिंचेचं झाड, बाकी सगळी झाडून काढल्यासारखी सपाट जमीन. बांबूला लिंबू-मिरच्यांच्या माळा लटकत होत्या. एक नव्हे, पाच. मारोतराव खाटेवर बसला होता, सावनेरकडचा आडदांड माणूस, मिशा अशा की चोरानं लांबूनच रस्ता बदलावा. पण गळ्यात काळा दोरा, दंडावर ताईत, मनगटाला अजून एक.

“टेम्पो होता म्हंजे होता,” तो म्हणाला. “म्या माह्या डोयानं पाह्यला. अंगारा कपाळाले लावून सांगतो.”

“रात्रभर?”

“रात्रभर! मी कुठी हलतो काय इथून?”

“हलत नाई, हलत नाई,” मामा घाईनं म्हणाले. “तुमची तं तारीफ चालली आहे सगळ्या गांधीबागेत. मंगळवारी पहाटे दोन सांड भांडत भांडत प्लॉटात घुसले म्हंते. तुमी एकट्यानं हाकलले?”

मारोतरावनं एक क्षण मामांकडे पाहिलं. मग मिशीवर हात फिरवला. “हाकलले म्हंजे! काठी तुटली माही. एकाचं शिंग असं लागलं असतं पाहा, इथी.”

“बाप्पा! आणि कुणी मदतीले आलं नाई?”

“कोन येते, भाऊ?”

रस्त्यावर आल्यावर रुपराव म्हणाला, “हिंमतवान आहे पण माणूस. मंगळवारचे सांड मले मालूमच नव्हते.”

“मले पण नव्हते,” मामा म्हणाले. “ते मी आत्ताच पैदा केले.”

रुपराव रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून सायकलरिक्षावाला ओरडला, तरी हलला नाही. “म्हंजे तो रात्री तिथी नसतेच! म्हंजे सगळं खोटं! सुटलो, मामा!”

“थांब लेका, नाचू नको,” मामा म्हणाले. “चौकीदार तिथी नव्हता. पण टेम्पो होता.”

३

रुपरावच्या घरी ओट्यावर बसून मामांनी चिठ्ठी मांडीवर पसरली. आत सुभद्राचा माग खटाखट चालला होता. रुपरावचा माग गेला, पण बायकोचा राहिला होता. मागच्या गल्लीत नालीचं खोदकाम चाललं होतं, त्याची माती गेले महिनाभर सगळ्यांच्या पायानं घरात येत होती.

“या तारखा पाय. सगळ्या लायनीत, पण मधातून दोन गायब. कोणत्या?”

रुपरावनं बोटांवर मोजलं. “आठ आणि पंधरा.”

“त्या दोन रात्री तू कुठी होता?”

“आठले...” रुपरावनं पुन्हा बोटं मोजली. “आठले उमरेडले मुक्काम झाला होता. पंधराले पण.”

“घे. चौकीदार मनानं लिहित असता तं त्या दोन रात्री पण लिहिल्या असत्या. त्याले काय मालूम तू उमरेडले आहे का उटकमंडले? त्यानं टेम्पो पाह्यला, तवाच लिहिला. म्हंजे तुहा टेम्पो एकवीस दिवस त्या प्लॉटात खरंच गेला, आणि तू सातले उठायच्या आधी दारात परत आला.”

कोणीतरी मानेवर ओलं फडकं ठेवावं तसं रुपरावला झालं. आतापर्यंत त्याला खोट्या माणसाशी भांडायचं होतं. आता त्याला खऱ्याशी भांडायचं होतं.

“किल्ली?”

“माह्या कमरेले.”

“मीटर?”

रुपराव मीटर रोज सकाळ-संध्याकाळ एका वहीत उतरवायचा, सोसायटीचाच दंडक होता. दोघांनी ताडून पाहिलं. एकाही रात्री अर्धा मैलसुद्धा वाढला नव्हता. म्हणजे संत्री नाहीत, भाडं नाही, सैर नाही. टेम्पो कुणी पळवत नव्हतं.

“हातब्रेक?”

“मेला आहे. चाकाले गोटे लावतो.”

“हं.” मामांनी शेजारच्या ओट्याकडे आवाज टाकला. “ओ प्रयागबाई! तुमाले तं रात्रभर खोकल्यानं झोप नसते म्हंते. याच्या टेम्पोचं इंजन कवा वाजलं का रात्री-पहाटे?”

प्रयागबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात जुनी विणकरीण. सत्तरी उलटलेली, पण जीभ अजून धोट्यासारखी इकडून तिकडे पळायची. “नाई गा बाप्पा,” ती म्हणाली. “इंजन वाजलं असतं तं म्या दोन शिव्या नसत्या दिल्या? देवाची आण, इंजन नाई वाजलं.” एवढं बोलून ती लगबगीनं आत गेली. एरवी तिला चूप बसवायला माणसं लागत.

मामा हसले. मग उठून टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या बाजूला थबकले.

प्रयागबाईची बकरी मागच्या पायांवर उभी राहून टेम्पोचा मागचा लोखंडी दांडा चाटत होती. नुसती चाटत नव्हती, लग्नाच्या पंगतीत बासुंदी चाटावी तसा चाटत होती.

“ही रोज येते का?”

“रोज सकाळी. हाकलून हाकलून थकलो मी. लोखंडात काय मिळते तिले, कोण जाणे.”

मामांनी बकरीला बाजूला सारलं, दांड्यावर बोट फिरवलं, आणि बोट तोंडात घातलं.

“मामा!”

“अळणी आहे,” मामा म्हणाले. त्यांचे डोळे असे चमकले, की रुपरावला त्यांच्या व्याह्याची आठवण झाली. “रुपराव, आता मी एक लबाडी करून राहिलो. तू फक्त तोंड बंद ठेव. आणि कान उघडे.”

४

मामा गल्लीच्या मधोमध उभे राहिले. एसटीच्या मागच्या सीटपर्यंत जाणारा आवाज होता तो, आणि रिटायर होऊन त्याला गंज चढला नव्हता.

“बरं का रुपराव! उद्या पहाटे चारलेच टेम्पो घेऊन बुटीबोरीकडं निघायचं आहे! सोसायटीचं अर्जंट काम! चारले म्हंजे चारले!”

आतला माग खटकन थांबला.

सुभद्रा दारात आली. हातात सूत तसंच. “उद्या? काहून उद्या?” मग आपण जरा जोरातच विचारलं हे तिच्या लक्षात आलं. “नाई म्हंजे... थंडी आहे म्हणून विचारलं.”

“काम आहे,” रुपराव जमिनीकडे पाहून म्हणाला. त्याला बायकोशी खोटं बोलायची सवय नव्हती. तिलाही नव्हती, असं तो आतापर्यंत समजत होता.

“जेवण वाढून ठेवते,” ती म्हणाली, आणि जेवण न वाढता सरळ प्रयागबाईच्या घरात शिरली. दोन मिनिटांत समोरच्या घरातला देवराव तिथे गेला. मग देवरावची बायको. मग अजून दोघं. एवढी माणसं प्रयागबाईच्या घरात नुसत्या हळदीकुंकवाला कधी गेली नव्हती, आणि त्यात तीन तर पुरुष होते.

रुपराव भिंतीला कान लावून उभा राहिला. पलीकडची कुजबुज तुटक तुटक येत होती.

“आता कसं करायचं वं सुभद्रे?”

“मले काय मालूम, मावशी. टेम्पोच नाई म्हंजे सगळं अडलं.”

“त्याईले कळलं तं नाई ना?”

“नाई कळलं. आणि कळूबी देऊ नका. ते सोसायटीच्या गाडीले कोणाचा हात नाई लागू देणार. माह्या बापानं मागितली तरी नाई.”

रुपराव भिंतीपासून मागे सरकला. पंधरा वर्षांचा संसार. या बाईनं कधी चार आणे लपवले नव्हते. आणि तीच त्याच्या नोकरीवर पाय देऊन, सगळ्या गल्लीला घेऊन, काय करत होती? संत्री? गांजा? त्याच्या पुढचं त्याला सुचेना, कारण त्यापेक्षा वाईट गोष्टींची त्याला माहितीच नव्हती.

बाहेर मामांचा आवाज पुन्हा उठला. “अरे रुपराव! मीच चुकलो गा! बुटीबोरीचं काम पुढच्या हप्त्यात आहे! उद्या झोप तू आरामात, सातपर्यंत!”

भिंतीपलीकडे पाच-सहा जणांनी एकदम श्वास सोडला. रुपरावनं तो स्वच्छ ऐकला.

“मामा,” तो बाहेर येऊन म्हणाला, “मले सांगा. माही बायको चोर आहे का?”

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गंमत करायची सोन्यासारखी संधी होती. त्यांनी ती सोडली, हे त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं दान समजायला हरकत नाही. “नाई रे पोरा. पण रविवारपर्यंत तिले काही विचारू नको. विचारलं तं ती घाबरून कबूल करन, आणि अर्धवट कबुली पूर्ण खोट्यापेक्षा वाईट लागते सोसायटीले.”

तीन रात्री रुपराव कुशीवर वळून पडून राहिला. पहाटे जागं राहून पाहायचं, असं त्यानं रोज ठरवलं. आणि रोज सातला जागा झाला.

५

रविवारी अकराला सोसायटीच्या ऑफिसात मधुकरराव टेबलामागे बसले होते. चष्मा, फाइल, आणि फाइलवर ती नक्कल. एका बाजूला गुलाबचंद, त्यांच्या मागे मारोतराव, सगळे ताईत घालून. दारात गल्लीतले आठ-दहा जण मामांनी बोलावून आणलेले. सुभद्राचा चेहरा खडूसारखा झाला होता.

“रुपराव,” मधुकरराव म्हणाले, “किल्ली ठेवा टेबलावर. आणि सांगा, टेम्पो त्या प्लॉटात होता की नव्हता?”

रुपरावनं किल्ली ठेवली. “होता, साहेब,” तो म्हणाला. “पण म्या नाई नेला.”

मधुकररावांनी चष्मा काढला. उत्तर त्यांनी फाइलीत लिहून ठेवलेलं नसावं.

“साहेब, दोन मिनिटं,” चंपतराव उठले. “गाडी नेली, पण मीटर फिरला नाई. नेली, पण इंजन वाजलं नाई. मग नेली कशी? ढकलत. हातब्रेक मेलेला, गोटे काढले की पाच-सहा माणसात चालते. आता चोर गाडी ढकलत नेते चाळीस पावलं आणि रोज परत आणून ठेवते, असा चोर मी अठ्ठावीस वर्षांत पाह्यला नाई. म्हंजे गाडी कुठी जायले नव्हती पायजे. गाडी उभी राहायलेच पायजे होती.”

“उभी राहून काय उपयोग गाडीचा?” गुलाबचंदांनी विचारलं.

“जड असते ना, शेटजी. आता मागचा दांडा. तिथी बकरी चाटते. मी पण चाटला. खळ आहे ती, पिठाची. सुताले लावतात ती.” मामा दाराकडे वळले. “देवराव, ताण्याच्या उभ्या सुताले खळ लावायची तं ताणा पसरायले जागा किती लागते?”

देवराव पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, “साठ हात. सरळ.”

“मागच्या गल्लीत पसरत होते तुमी. तिथी नालीसाठी खोदून ठेवलं महिन्याभरापासून. साठ हात सरळ जागा सगळ्या वस्तीत एकच उरली. शेटजीचा प्लॉट. ताण्याचं एक टोक बांधलं चिंचेले. पण दुसरं? साठ हात ताणा ओढून धरायचा म्हंजे जबरदस्त खुंटा पायजे. आणि शेटजीनं तं जागा साफ सपाट केलेली.”

मधुकरराव स्वतः कोष्ट्याचेच पोरगे. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. “टेम्पोचा खुंटा केला?”

“टेम्पोचा खुंटा केला! ही खळ लावायची पांजण रोज पहाटे कोणा ना कोणाची असते, म्हणून रोज पहाटे टेम्पो. उजाडेपर्यंत खळ लागून ताणा गुंडाळला, घरी नेला, मग चहा प्यायले गेले सगळे. सातच्या आधी येऊन टेम्पो ढकलून जागेवर. आठ आणि पंधरा तारखेले टेम्पो उमरेडले, म्हणून त्या दोन दिवशी पांजण नाई. विचारा त्याईले.”

कुणी विचारलं नाही, कारण तोपर्यंत सुभद्रा रडत रडत पुढे आली होती. “माहीच अक्कल आहे ही, साहेब. यायले सांगितलं असतं तं यायनं नाई म्हटलं असतं. आणि ताण्याले खळ नाई तं साडी नाई. चिठ्ठी आली तवा सांगणार होतो आमी. पण सांगितलं तं शेटजी प्लॉटात पाय नाई ठेवू देणार. बारा माग आहेत, साहेब. यायची नोकरी धरावी का बारा घरं, काही सुचेच ना मले.”

रुपराव तिच्याकडे पाहत राहिला. तीन दिवस छातीवर बसलेला धोंडा असा सरकला, की त्याला खरंच खोकला आला. संत्री नाहीत. गांजा नाही. पांजण! त्याच्या आजानं, बापानं, त्यानं स्वतः लहानपणी केलेली पांजण!

“पण थांबा,” गुलाबचंद म्हणाले. “पहाटे इतकी माणसं माझ्या प्लॉटात, आणि माझ्या चौकीदाराला दिसली नाहीत? मारोतराव?”

मारोतराव छताकडे पाहू लागला.

“सांगून टाका, भाऊ,” मामा मऊ आवाजात म्हणाले. “मंगळवारचे सांड माहे होते. पण पहिल्या दिवशी तुमाले जे दिसलं, ते तुमचं होतं. पाच लिंबाच्या माळा काही चोरासाठी नाई बांधत कोणी.”

आडदांड मारोतरावनं गळ्यातला काळा दोरा चाचपला. “काय सांगू, मालक. आमच्या सावनेरकडं माग नाईत. पहिल्या पहाटेची गोष्ट आहे. डोया उघडला तं चिंचेखालून पांढरं... लांबच लांब... कमरेएवढं अधांतरी! आणि त्याच्या दोन्ही बाजूनं माणसं जाऊन राहिली, येऊन राहिली. हातात कायतरी धरलेलं. आणि एकाच्याबी तोंडून शब्द नाई, मालक! जिती माणसं इतकी चूप राहतात काय? म्या चप्पल तिथंच टाकली आणि पळालो. तवापासून रात्री घरी झोपतो. उजाडलं की येतो, आणि ज्या गाड्या दिसल्या त्या मुक्कामाच्या म्हणून लिहितो.”

मग प्रयागबाई फिसकन हसली.

“अरे बाप्पा, या रुपरावची झोप मोडू नये म्हणून तोंडं शिवून पांजण केली गा आमी! कुंचा मारता मारता एक शब्द नाई बोललो! माह्या आयुष्यात अशी मुकी पांजण नाई झाली. मले स्वतःलेच भूत झाल्यासारखं वाटत होतं!”

मधुकरराव हसले, तेव्हा मात्र सगळ्यांना हसायची परवानगी मिळाली. फक्त गुलाबचंद हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“म्हणजे तीन हप्ते,” ते हळूच म्हणाले, “माझे भरलेले तीन ट्रक रात्री एकटे उभे होते?”

“रात्री एकटे,” मामा म्हणाले. “पण चोराची खरी वेळ पहाटेची, शेटजी. आणि पहाटे तिथी रोज दहा-बारा माणसं होती. एक पोतं हललं का तुमचं?”

गुलाबचंदांनी डोक्यात हिशेब केला. हलकेच लोडाला टेकावं तसे खुर्चीत मागे टेकले. एकही गासडी हलली नव्हती. “नाही,” ते म्हणाले, आणि पुढे हात करून टेबलावरची नक्कल उचलली, चार तुकडे केले. “बोर्डावर रात्रीचा मुक्काम लिहिलं आहे. पहाटेच्या दोन घंट्याचा आकार नाही लिहिलेला. आणि भाई, त्या साड्या शेवटी माझ्याच दुकानात येतात. चिंचेच्या समोर खुंटा पुरा तुम्ही. खर्च माझा. पण मारोतराव, रात्री तू तिथंच झोपशील.”

“ही माणसं पहाटे बोलतीन ना पण?” मारोतरावनं काकुळतीनं विचारलं.

“बोलतीन!” सगळी गल्ली एका आवाजात म्हणाली.

मधुकररावांनी चष्मा पुन्हा चढवला आणि उगाच दोन पानं उलटली. “गाडी विणकरांच्या कामासाठी आहे असंच लिहिलंय नियमात. पांजण हे विणकरांचं काम नसेल तर कोणाचं? पण रुपराव, यापुढं तुम्हाला विचारून.” आणि किल्ली टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

६

खुंट्याचं सागवान यायला दोन दिवस होते, म्हणून सोमवारची पांजण टेम्पोवरच होती. या वेळी रीतसर.

सुभद्रानं रुपरावला पाचला उठवलं. म्हणजे साडेचारपासून उठवत होती, तो पाचला उठला. अंगावर घोंगडी ओढून, मोठ्या ऐटीत तो टेम्पोत बसला आणि इंजन सुरू केलं.

“बंद कर! बंद कर मेल्या!” प्रयागबाई धावत आली. “धुरानं पांढऱ्या ताण्याचं वाटोळं करशील! ड्रायव्हर झाला आणि कोष्ट्याचं सगळं विसरला गा!”

रुपराव मुकाट्यानं उतरला आणि सगळ्यांसोबत ढकलायला लागला. चिंचेपासून ताणा ओढला गेला, दांड्याला बांधला गेला. मारोतराव खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. पहिल्यांदा दोन्ही ताईत मुठीत धरून, मग एकच, आणि मग देवरावनं त्याच्या हातात कुंचा दिला तेव्हा एकही नाही. महालातून सायकलवर आलेले चंपतराव त्याच्यामागे गुपचूप जाऊन उभे राहिले होते. पांढरा पंचा डोक्यावर घेऊन भूत व्हावं की नाही याचा ते गंभीर विचार करत होते, पण प्रयागबाईनं डोळे वटारले तसा त्यांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला.

रुपरावनं साठ हात ताण्याच्या बाजूनं एक फेरी मारली. तुटलेला एक धागा दिसला, तो त्याच्या बोटांनी आपोआप जोडला. बायको पलीकडच्या बाजूनं पाहत होती.

“मले सांगितलं असतं,” तो म्हणाला.

“तुमी नाई म्हटलं असतं.”

“म्हटलं असतं,” त्यानं कबूल केलं. “आणि मग दुसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं.”

“पांजण दुसऱ्या दिवसाची वाट पाह्यते काय?” सुभद्रा हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळं हसली. “जा, झोपा आता. सात वाजेपर्यंत वेळ आहे.”

तो घरी आला, घोंगडी डोक्यावरून ओढली, डोळे मिटले. पण झोप कुठली? एकवीस पहाटे दाबून ठेवलेल्या गप्पा त्या दिवशी चिंचेच्या प्लॉटवर एकदमच सुटल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या त्याच्यावरच होत्या.